समासातल्या नऊ ओळी

बाई, नमस्कार.

वय ५४. भोसरीत प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. भाड्याच्या शेडमध्ये दोन मशीनवर सुरू केला, विकला तेव्हा चारशे माणसं होती. तीन वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीने तो घेतला. कर, देणी सगळं वजा जाऊन तीनशे कोटींच्या वर रक्कम हाती आली. करारानुसार पाच वर्षं मला त्या धंद्यात उतरता येत नाही.

तेव्हापासून सगळं झालं. नवा बंगला बांधून घेतला, मुळशीला फार्महाउस करून घेतलं. अंटार्क्टिकाची सफर झाली. नाशिकला द्राक्षाचा मळा घेण्यात आला. गोल्फ शिकवायला माणूस येत होता. आहार, व्यायाम आणि झोप यांच्यासाठी वेगवेगळी माणसं नेमलेली आहेत. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस केले. तिथे बरं वाटलं, आल्यावर आठवड्यात पुन्हा जैसे थे. आता भूमध्य समुद्रात ठेवायला एक याट सुचवण्यात आली आहे. दुबईला घर घेऊन राहावं असाही एक सल्ला आहे.

हिचं म्हणणं, मी घरात असून नसल्यासारखा असतो. मुलगा २६ वर्षांचा, बॉस्टनला. त्याने नोकरी सोडली. म्हणतो, ‘बाबा, गरज काय आहे?’ मला उत्तर सुचलं नाही. धाकटा भाऊ जुन्नरकडे शेती करतो. गेल्या दिवाळीआधी त्याने कांदाचाळीसाठी पाच लाख उसने मागितले. मी दहा दिले आणि परत करू नकोस म्हणालो. तेव्हापासून तो फोन करत नाही. माझं काय चुकलं ते कळत नाही. गावात वडिलांच्या नावाने शाळेची इमारत बांधायचा विचार आहे. सगळं असून समाधान नाही, आणि हे कुणाला सांगावं तर लोक हसतात.

(समासात, पेनाने) बाई, एक राहिलं. मागच्या महिन्यात आमचा जुना मिस्त्री त्याच्या पुतण्याच्या वर्कशॉपवर घेऊन गेला. जॉबला बर येत होता, म्हणजे कापलेली कड खरखरीत निघत होती. दोन दिवस माल अडकलेला. पत्रा कापणारा पंच उतरवून बघितला, धार गेली होती. ग्राइंड केला, खाली शिमची पातळ पट्टी टाकली, क्लिअरन्सची फट बघितली. दोन तास गेले. मग जॉबच्या कडेवरून बोट फिरवलं. साफ. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, आधी तुम्हाला इतका वेळ लागायचा नाही.’ चहा प्यायलो. त्या रात्री झोप लागली.

— एक वाचक, पुणे

नमस्कार.

मी चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. पत्र हातात आलं की मला आधी व्याकरण दिसतं, दुःख नंतर. खोड आहे, या वयात जाणार नाही. तुमचं पत्र टाइप केलेलं चार पानी होतं, इथे आटोपशीर करून छापलं आहे. त्या चार पानांत ‘बांधून घेतला’, ‘करून घेतलं’, ‘घेण्यात आला’, ‘नेमलेली आहेत’, ‘सुचवण्यात आली’. बंगला बांधला तो दुसऱ्यांनी. तुम्ही किती वाजता झोपायचं हे ठरवतो तोही दुसराच. इतक्या लांबलचक पत्रात कर्ता शोधता शोधता माझा चष्मा धुरकट झाला. आणि मग समासात तुमच्या हस्ताक्षरातल्या नऊ ओळी आल्या. पंच उतरवला, ग्राइंड केला, शिम टाकली, बोट फिरवलं, चहा प्यायलो. हा कर्ता तुम्ही. (‘मी पंच ग्राइंड केला’ हासुद्धा कर्मणी प्रयोगच, हे मला ठाऊक आहे. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी कृपया पत्रं पाठवू नयेत.)

टाइप केलेली पानं तुमच्या सेक्रेटरीने काढली असणार, नऊ ओळी तुम्ही. मी उत्तर देतेय ते मुख्यतः त्या नऊ ओळींना.

आधी एक गोष्ट उरकून टाकते. पैशात सुख नसतं, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला वाण्याची वही लपवून ठेवणाऱ्या घरात मी वाढले. तिथे पैसा आला असता तर सुख नक्की आलं असतं. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल मानकऱ्यांनी २०१० साली मांडलं होतं की अमेरिकेत वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे कमाई गेली तरी रोजचा आनंद फारसा वाढत नाही. ते वाक्य जगभर नाचवलं गेलं, गरिबांपेक्षा श्रीमंतांनी जास्त नाचवलं. पण २०२३ मध्ये याच कानेमन यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकाबरोबर आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा निघालं वेगळंच. बहुतेकांचा आनंद पुढेही वाढत राहतो. आधीपासून जी दुःखी आहेत अशा थोड्या माणसांचाच एका टप्प्याला येऊन थांबतो. त्यांना जे टोचत असतं ते पैशाने निघणारं नसतं, इतकाच त्याचा अर्थ. तुमची अडचण त्या थोड्यांची आहे. तेव्हा ‘सगळं असून’ या शब्दांची लाज बाळगू नका.

तुमच्यासारख्यांची पाहणीही झालेली आहे. तीन कोटी डॉलरच्या वर, म्हणजे आपले अडीचशे-पावणेतीनशे कोटी ज्यांच्याकडे असतात, त्यांना बँका अति-श्रीमंतांच्या रकान्यात टाकतात. तुम्ही त्या रकान्यात आहात, दाराजवळ का होईना. बॉस्टन कॉलेजच्या अभ्यासकांनी अशाच १६५ कुटुंबांना बोलतं केलं होतं; त्यातली १२० कुटुंबं अडीच कोटी डॉलरच्या वरची. २०११ साली त्याचा बराच बोलबाला झाला. बहुतेकांना आपण आर्थिकदृष्ट्या सुरक्षित आहोत असं वाटत नव्हतं, आणि त्यासाठी आहे त्याच्या सरासरी पाव हिस्सा आणखी हवा होता. सव्वापट. उद्या सव्वापट झाली की त्याची सव्वापट. अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने १८६८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, स्वतःसाठी एक टिपण लिहिलं होतं. वर्षाला पन्नास हजार डॉलर पुरे, पस्तिसाव्या वर्षी धंदा सोडायचा, संपत्ती साठवणं ही मूर्तिपूजेच्या सगळ्यात वाईट जातींपैकी एक आहे. स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि मग पोलादाचा कारखाना विकला १९०१ साली, पासष्टाव्या वर्षी. तुमच्या बाबतीत निदान विकणं तरी झालं.

पण तुमचं दुखणं ‘अजून हवं’ हे नाही. तुमचं जवळचं नातं लागतं ते मार्कस पेर्सन या स्वीडिश माणसाशी. माइनक्राफ्ट हा खेळ त्याने बनवला. तुमच्या मुलाने लहानपणी तासन्‌तास खेळला असेल. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. त्याने लगोलग बेव्हर्ली हिल्सला सात कोटी डॉलरचं घर घेतलं. त्या घरात गोळ्या-चॉकलेटांनी भरलेली एक अख्खी भिंत होती म्हणे. वर्ष उलटायच्या आत त्याने रात्री ट्विटरवर लिहून टाकलं की सगळं मिळालं की धडपडायला कारण उरत नाही, आणि तोल गेल्यामुळे माणसांशी संबंध ठेवणं अशक्य होऊन बसतं. नामांकित लोकांबरोबर इबिझाला मौज चालली होती आणि इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. लोक त्यालाही हसलेच. आपल्या सीमाभागात ओळखीचं आडनाव लावणारे अमेरिकेतले विनय हिरेमठ यांची लूम ही कंपनी २०२३ मध्ये ९७.५ कोटी डॉलरला विकली गेली. त्यांनीही २०२५च्या जानेवारीत उघडपणे लिहिलं की मी श्रीमंत आहे आणि आयुष्याचं काय करावं ते मला कळत नाही. ते हवाईला जाऊन पदार्थविज्ञान शिकत बसले. मला ते आवडलं. पदार्थविज्ञान तुमच्या खात्यात पैसे किती आहेत ते बघत नाही, गणित चुकलं की चुकलं.

पेर्सनच्या वाक्यातला ‘तोल’ हा शब्द धरा आणि आपलं पत्र पुन्हा वाचा. त्यात तुम्हाला नाही म्हणणारं कुणीच भेटत नाही. गोल्फवाला नाही म्हणत नाही. मळा विकणारा तर नाहीच. याट सुचवणारा का म्हणेल? (याटीचा वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्के धरतात, हे त्याने सांगितलं असेल अशी आशा आहे. जेफ बेझोस यांच्या १२७ मीटरच्या याटीमागे सामान वाहायला ७५ मीटरची दुसरी बोट फिरते. म्हणजे बोटीलाही नोकर लागतो.) अख्ख्या चार पानांत एकच माणूस तुमची चूक काढतो. ‘साहेब, आधी तुम्हाला इतका वेळ लागायचा नाही.’ आणि त्याच रात्री तुम्हाला झोप लागते. झोपेसाठी नेमलेल्या माणसाला हे सांगितलंत का?

कारखान्यात रोज काहीतरी तुम्हाला अडवत होतं. प्रेस बंद पडायची, गिऱ्हाईक माल परत पाठवायचं, युनियनवाले टेबलावर हात आपटायचे. तुम्ही त्याला कटकट म्हणत असाल. त्या कटकटीने तुम्हाला माणसांत बांधून ठेवलं होतं, आणि कंपनीबरोबर तीही विकली गेली. इगतपुरीला बरं का वाटलं याचंही मला वाटतं हेच उत्तर आहे. तिथे फी नाही, खोली सगळ्यांना साधीच, ताट आपलं आपण विसळायचं, आणि घंटा झाली की उठायचं. पैसे देऊन तिथे काही वेगळं मिळत नाही. तुम्ही विपश्यना करत राहावी की नाही, तो तुमचा प्रश्न. पण ताट विसळणं घरीही जमेल.

आता भाऊ. या सदरात भावाभावांची पत्रं पोत्याने येतात आणि बहुतेकांत एकजण पैसे देत नाही म्हणून दुसरा रुसलेला असतो. तुमचं उलटं आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते.

त्याने ‘उसने’ मागितले. हा शब्द नीट ऐका. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करताना आई वाटी शिगोशीग भरून द्यायची. का? कारण उसनवारी बरोबरीच्यांत चालते. आज मी तुझ्या दारात, उद्या तू माझ्या. पाच लाख उसने मागताना तुमचा भाऊ म्हणत होता की आपण अजून बरोबरीचे आहोत, कांदा निघाला की मी फेडीन, माझी तेवढी ऐपत आहे. तुम्ही दुप्पट दिले आणि परत करू नकोस म्हणालात. त्याच्या कानावर काय पडलं? ‘तुझी ऐपत मला माहीत आहे.’ तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मला दिसतं. पण तीनशे कोटी असलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे समोरच्याला दिसत नाही. त्याला फक्त रक्कम दिसते.

तुकोबांनी सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरही सांगतं. बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं वेगळी काढून त्याच्या हवाली केली आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला, हे मात्र पुष्कळजण सांगताना गाळतात. मला त्या गोष्टीत हाच भाग मोठा वाटतो. स्वतःच्या वैराग्यात त्यांनी भावाचा हिशेब गुंडाळला नाही. तुमच्या औदार्यात तो गुंडाळला गेला.

तेव्हा जुन्नरला जा. ड्रायव्हरला घरी ठेवा. मुक्काम करा, हॉटेलात नव्हे, त्याच्या घरी. आणि त्याच्याकडे काहीतरी मागा. तुम्हाला खरंच हवं आहे आणि त्याच्याकडेच आहे असं. चार दिवस राहायला जागा मागा, वडिलांची एखादी वस्तू मागा, कांदा कसा साठवतात ते शिकवायला सांगा. श्रीमंत झालेला भाऊ मागायला आलाय हे बघून तो आधी बावचळेल. बावचळू दे.

मुलाचं. ‘गरज काय आहे?’ या प्रश्नाला तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण तीन वर्षं तो प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत आहात. मुलगा फक्त मोठ्याने बोलला. त्याला कष्टाचं महत्त्व वगैरे सांगायला जाऊ नका, भाड्याच्या शेडची गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असेल. समासातली गोष्ट सांगा. बर का येतो, धार गेलेली कशी ओळखली, मिस्त्री काय म्हणाला. त्याला त्यात रस वाटला नाही तरी चालेल, बाप कशाबद्दल बोलताना जागा होतो ते त्याला दिसेल. आणि व्यवहाराचं स्पष्ट सांगा. त्याला किती मिळणार, कधी, हा आकडा तुमच्या वकिलाला माहीत आहे आणि मुलाला नाही, असं असेल तर ते वाईट. वॉरन बफे म्हणत आले आहेत की मुलांना इतकं द्यावं की काहीही करता येईल, पण इतकं नाही की काहीच न करता चालेल. ती रेघ कुठे ओढायची हे तुम्ही दोघं, नवरा-बायको, बसून ठरवा.

वहिनींच्या तक्रारीवर माझा फारसा सल्ला नाही. एवढंच, की तुमच्या घरात प्रत्येक गोष्टीला माणूस आहे, मग तुम्हा दोघांना एकमेकांची गरज पडायची कधी? आठवड्यातला एक दिवस घरात कामाला कुणी नको. चहा कोण करतो यावरून भांडण झालं तर मला कळवा, मी पेढे वाटीन.

शाळेची इमारत. इथे माझा आवाज जरा चढेल. मी जिथे शिकवत होते तिथे एका दात्याने संगणकांची खोली दिली होती. फीत कापली, फोटो निघाले, भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. वायरिंगचा भार शाळेच्या मीटरला झेपेना, दुरुस्तीला पैसे नव्हते, शिकवणारं माणूस नव्हतं. चार वर्षं मी ती खोली बाहेरूनच पाहिली, आत संगणकांवर फुलाफुलांची कापडं. दात्याने एकदा शनिवारी सकाळी येऊन विचारलं असतं, तर आम्ही सांगितलं असतं की बाबा, मुलींच्या संडासाला पाणी नाही.

चक फीनी नावाचा माणूस होता, विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री दुकानांच्या धंद्यात प्रचंड कमावलेला. १९८४ साली त्याने आपली जवळजवळ सगळी मालकी गुपचूप एका संस्थेच्या नावे केली, आणि १९९७ पर्यंत जगाला पत्ता नव्हता. संस्थेने आठ अब्ज डॉलरच्या वर वाटले आणि २०२० मध्ये काम संपवून टाळं लावलं. २०२३ मध्ये तो वारला, सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहत होता. लोक त्याच्या स्वस्तातल्या प्लास्टिकच्या घड्याळाची गोष्ट फार सांगतात. मला घड्याळाचं काही वाटत नाही, साधेपणाचाही तोरा असतो. मला आवडतं ते हे की तो स्वतः जाऊन बघायचा, आयर्लंडच्या विद्यापीठांत, व्हिएतनामच्या दवाखान्यांत, आणि इमारतींवर आपलं नाव लावू द्यायचा नाही. वडिलांचं नाव लावायला माझी हरकत नाही. पण आधी गावच्या मुख्याध्यापकांना भेटा, आणि बरोबर आर्किटेक्ट नेऊ नका.

त्याहीआधी एक. विकला तेव्हा चारशे माणसं होती, असं लिहिलंत. त्यांचं पुढे काय झालं? मी पत्र दोनदा वाचलं, सापडलं नाही. किती टिकली, किती काढली, कुणाच्या पोराची फी अडली आहे, कुणाचा हात प्रेसखाली गेलेला होता? तुमचे तीनशे कोटी त्या प्रेसांवरच तयार झाले. त्यामुळे तिथे जे द्याल त्याला दान म्हणू नका, पाटी लावू नका. मिस्त्रींना सगळ्यांची नावं पाठ असतील, यादी त्यांच्याकडूनच घ्या.

आणि मिस्त्रींशी बोलायचंच आहे तर वर्कशॉपचंही बोला. करार वकिलाला दाखवून घ्या. धंद्यात उतरायला बंदी आहे, एखाद्या पोराला पंच कसा उतरवायचा हे शिकवायला ती असेल असं मला वाटत नाही, पण मी मराठीची बाई, कायद्याची नव्हे. आयटीआयमधली मुलं हातात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात आणि पहिल्याच दिवशी बर का येतो ते त्यांना सांगता येत नाही, ही ओरड तुम्हीच वीस वर्षं केली असणार. आठवड्यातून दोन सकाळी जा. संस्था काढू नका. ट्रस्ट नको, लोगो नको, ब्रोशर तर मुळीच नको. एक बेंच, जॉब धरायला एक व्हाइस, चार पोरं. सुरुवातीला ती ‘सर, सर’ करतील. महिनाभरात एखादं उर्मट पोर म्हणेल की सर, यूट्यूबवर वेगळं दाखवलंय. त्याला जवळ ठेवा.

दुबईला जायचं असेल तर जा, हवा थंडीत चांगली असते. याटवाल्याला नकार स्वतःच्या तोंडाने द्या, सेक्रेटरीकडून नको.

राहिलं भावाचं. माझी पैज आहे, ते वरचे पाच लाख त्याने खर्च केलेले नाहीत. तालुक्याच्या कुठल्यातरी पतसंस्थेत तसेच पडून असतील. तुम्ही जाल तेव्हा तो ते काढून तुमच्यासमोर ठेवील आणि चाळीचे पाच उन्हाळी कांदा विकला की देतो म्हणेल. ‘राहू दे रे’ म्हणू नका. खाली बसा, मोजून घ्या, आणि त्याने वहीत सही मागितली तर सही करा.